‘प्रोपगंडा’ हा शब्द ज्या ऑफिसमधून आला, तिथेच १७७८ साली मराठीचं व्याकरण छापलं होतं. तेव्हा ते ऑफिस चालवत होता हा माणूस

नागपुरात सेमिनरी हिल्स माहीत नाही असा माणूस सापडणं अवघड. बालोद्यान, जपानी गार्डन, सकाळी फिरायला येणारे काका-काकू, संध्याकाळी टेकडीवर बसलेली कॉलेजची पोरं. पण या टेकडीला ‘सेमिनरी’ का म्हणतात, हे विचारलं की निम्मे लोक गप्प होतात. तर तिथे कॅथलिक धर्मगुरू घडवणारी सेंट चार्ल्स सेमिनरी आहे. सेमिनरी म्हणजे पाद्री होण्याचं शिक्षण देणारी शाळा. तिच्यावरून अख्ख्या टेकडीला नाव पडलं.

आता या चर्चच्या जगात नागपूर कोणाच्या हाताखाली येतं? नागपूर, मुंबई, पुणे किंवा आफ्रिकेतलं एखादं गाव, अशा ‘मिशन’च्या प्रदेशांचा कारभार पाहणारं एक खातं रोममध्ये आहे. पोप पंधरावा ग्रेगरी याने १६२२ साली ते सुरू केलं. त्याचं तेव्हाचं लॅटिन नाव ‘कोंग्रेगात्सिओ दे प्रोपगांडा फिदे’, म्हणजे श्रद्धेचा प्रसार करणारं मंडळ. लोक नुसतंच ‘प्रोपगंडा’ म्हणायला लागले. आज सोशल मीडियावर भांडताना समोरच्याच्या पोस्टला आपण जो शब्द फेकून मारतो तो हाच. मूळ अर्थ होता ‘ज्याचा प्रसार करायचा आहे ते’. शिवी तो फार नंतर झाला.

तर या ऑफिसचा स्वतःचा छापखाना होता. १६२६ पासून. आणि या छापखान्यातून १७७८ साली एक पुस्तक बाहेर पडलं, ‘ग्रामातिका मरास्ता’.

मराठीचं व्याकरण. रोममध्ये. पोर्तुगीज भाषेतून मराठी शिकवणारं.

१७७८ म्हणजे कधी, हे जरा डोळ्यासमोर आणा. पुण्यात सवाई माधवराव चार वर्षांचे आहेत आणि कारभार नाना फडणवीसांच्या हातात आहे. इंग्रजांशी पहिलं युद्ध सुरू आहे, वडगावची लढाई अजून काही महिन्यांवर आहे. नागपुरात मुधोजी भोसले आपल्या मुलाच्या, म्हणजे दुसऱ्या रघूजींच्या नावाने राज्य चालवतायत. मराठी बोलणाऱ्यांचं राज्य अटकेपासून कटकेपर्यंत पोचून गेलंय, पण मराठी भाषेचं छापील व्याकरण इथे कोणी पाहिलेलं नाही. पंडितांना संस्कृतचं व्याकरण पाठ, कारकुनांना मोडी पाठ, मराठी तर सगळ्यांना येतेच. तिचं व्याकरण कशाला छापायचं?

ते छापायची गरज पडली रोमला. आणि तेव्हा या ऑफिसचा सचिव होता स्टेफानो बोर्जा. पुढे कार्डिनल झालेला, युरोपभरच्या पंडितांना ठाऊक असलेला आणि आपल्याकडे कोणालाच माहीत नसलेला माणूस.

बोर्जा आडनाव ऐकून काहींच्या डोक्यात वेब सिरीज चालू झाली असेल. विष, खून, भानगडी, पोप सहावा अलेक्झांडर. तो बोर्जा पंधराव्या शतकातला. आपला स्टेफानो त्याच आडनावाच्या दुसऱ्या घरातला, रोमच्या दक्षिणेला असलेल्या वेलेत्री गावचा. जन्म ३ डिसेंबर १७३१. घरात विष वगैरे काही नव्हतं, जुन्या वस्तू जमवायचा नाद मात्र आधीपासून होता. काका आलेस्सांद्रो बोर्जा हे फेर्मोचे आर्चबिशप. त्यांनीच पुतण्याला शिकवलं. काका स्वतः इतिहासाचे अभ्यासक, त्यामुळे पोराला शिलालेख आणि नाण्यांचं वेड लागलं. एकोणिसाव्या वर्षी तो कोर्तोनाच्या एत्रुस्कन अकादमीचा सदस्य झाला. आपल्याकडे एकोणिसाव्या वर्षी पोरं सेकंड इयरच्या बॅकलॉगची चिंता करत असतात, असो.

इथे एक गोष्ट समजून घेऊ, नाहीतर पुढची स्टोरी कळणार नाही. कार्डिनल म्हणजे नेमकं कोण?

चित्रपटात लाल झगा घातलेले म्हातारे एका हॉलमध्ये कोंडून घेतात आणि चिमणीतून पांढरा धूर येतो, ते कार्डिनल. पोप ते निवडतात, हे खरंच. पण अठराव्या शतकात पोप हा नुसता धर्मगुरू नव्हता, तो मध्य इटलीतल्या एका राज्याचा राजासुद्धा होता. त्याच्या राज्यात कर होते, सैन्य होतं, तुरुंग होते, धान्याचे भाव होते. कार्डिनल म्हणजे त्या राज्याचे मंत्री. जास्तीत जास्त सत्तर असायचे, हा आकडा सोळाव्या शतकात ठरलेला. एखादा अर्थ खातं बघणार, एखादा परराष्ट्र, एखादा पुस्तकांवर बंदी घालणार. सगळे पाद्री असायचे असंही नाही. एर्कोले कोन्साल्वी हा त्या काळचा सर्वांत नावाजलेला कार्डिनल, नेपोलियनशी वाटाघाटी करणारा, तो आयुष्यभर पाद्री झालाच नाही.

तिथे पोचायचे रस्ते दोनतीन होते. घराणं मोठं असलं की काम झालं. इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या स्टुअर्ट घराण्यातला हेन्री १७४७ साली बाविसाव्या वर्षी कार्डिनल झाला आणि पाद्री झाला त्याच्या पुढच्या वर्षी. आधी मंत्रिपद, मग पात्रता. आपल्याला हे अगदीच नवीन वाटायला नको.

ज्यांचं घराणं मध्यम वजनाचं, त्यांनी पायऱ्या चढायच्या. एखाद्या लहान शहराचा गव्हर्नर व्हायचं, तिथे नाव कमवायचं, मग रोममध्ये एखाद्या खात्याचं सचिवपद मिळवायचं, तिथे वर्षानुवर्षं फाइली उपसायच्या आणि नशीब असेल तर पन्नाशीनंतर लाल टोपी. बोर्जाचा रस्ता हा होता.

त्याची पहिली मोठी पोस्टिंग बेनेव्हेंतो. हे शहर पोपच्या मालकीचं, पण चहूबाजूंनी नेपल्सच्या राज्याने वेढलेलं. १७६४ साली नेपल्सच्या राज्यात मोठा दुष्काळ पडला, माणसं भुकेने मेली. बोर्जाने वेळीच तजवीज करून बेनेव्हेंतोला सावरलं. आणि हे करता करता त्या शहराचा तीन खंडांचा इतिहास लिहिला. जिल्हाधिकारी बदली होऊन येतो, दुष्काळ निवारतो आणि जाताना गॅझेटियर लिहून जातो, असा हा प्रकार.

रोमला परत आल्यावर काही वर्षांनी, १७७० मध्ये, तो प्रोपगंडाचा सचिव झाला. त्या खुर्चीत तो जवळपास एकोणीस वर्षं बसला.

खुर्ची कसली होती बघा. चीन, तिबेट, सिरिया, इथिओपिया, मलबार, मुंबई, अमेरिका, सगळीकडून पत्रं इथे यायची. जहाजाने, सहा महिन्यांनी, वर्षाने, कधी भिजून, कधी यायचीच नाहीत. मिशनरी लिहायचे की पैसे संपले, साथी वारला, इथल्या राजाने हाकललं, पोर्तुगीज त्रास देतायत. सचिवाने ती वाचायची, कार्डिनलांच्या बैठकीपुढे ठेवायची, उत्तरं धाडायची. जगाची इतकी खबर ठेवणारी ऑफिसं तेव्हा मोजकीच असतील.

बोर्जाने या पत्रव्यवहारात स्वतःचा एक उद्योग जोडून दिला. मिशनरींना तो सांगायचा की तिथल्या वस्तू पाठवा. हस्तलिखितं, मूर्ती, नाणी, नकाशे, लिपीचे नमुने, काहीही.

दुसरीकडे छापखाना सुरू होता. त्याची देखरेख जोव्हान्नी क्रिस्तोफोरो आमादुत्सी या विद्वानाकडे होती. बोर्जा सचिव झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १७७१ मध्ये, या छापखान्यातून ‘आल्फाबेतुम ब्राह्मानिकुम’ नावाचं पुस्तक निघालं. ते लिहिलं होतं तिबेट-नेपाळच्या मिशनवर राहून आलेल्या कास्सिआनो बेलिगात्ती या कापुचिन पाद्रीने. विषय उत्तर हिंदुस्थानातली लिपी, म्हणजे आपली देवनागरी. आणि अक्षरं नुसती चित्रासारखी कोरलेली नव्हती, सुटे खिळे पाडून छापलेली होती. पुढच्या वर्षी मल्याळमची पाळी आली.

आणि १७७८ मध्ये मराठीची.

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जे लिहिलंय ते फार गमतीचं आहे. निजामशाही आणि आदिलशाहीच्या राज्यांत जास्त चालणाऱ्या मराठीचं हे व्याकरण आहे आणि ते त्या राज्यांतल्या मिशनरींना अर्पण केलंय, असा त्याचा मतलब.

आता निजामशाही बुडाली १६३६ साली. आदिलशाही औरंगजेबाने संपवली १६८६ साली. म्हणजे पुस्तक छापलं तेव्हा एक राज्य संपून दीडशेच्या आसपास वर्षं झालेली आणि दुसरं संपून ब्याण्णव. मधल्या काळात शिवाजी महाराज झाले, संताजी-धनाजी झाले, बाजीराव झाले, पानिपत झालं. रोमच्या मुखपृष्ठावर यांतलं काहीच नाही.

आधी मला हा अडाणीपणा वाटला. मग कारण लक्षात आलं. दिवाडी बेटावरचा मातेउस दे कास्त्रो हा गोव्याचा माणूस १६३७ साली बिशप झाला. गोव्यात पोर्तुगीज त्याला जुमानत नव्हते म्हणून रोमने त्याला आदिलशाहीच्या मुलखाचं काम दिलं. कागदोपत्री त्या मुलखाचं नाव पडलं ‘इदालकाँ’, म्हणजे आदिलखान. राज्य गेलं, पण फाइलीवरचं नाव तेच राहिलं. सरकारी ऑफिसात ज्याने कधी चक्कर मारली असेल त्याला यात आश्चर्य वाटणार नाही. आपल्याकडे सातबाऱ्यावर पणजोबा अजून जिवंत असतात.

पण मराठीच्या दृष्टीने महत्त्वाचं वेगळंच आहे. गोव्यात पोर्तुगीज सरकारने १६८४ साली फर्मान काढलं होतं की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. ज्या गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं आणि ते १६१६ मध्ये छापलं गेलं, त्याच गोव्यात सत्तर वर्षांत इथल्या भाषा नकोशा झाल्या. रोमच्या ऑफिसचं गणित उलटं होतं. त्याच्याकडे ना सैन्य होतं, ना आरमार. लोकांची भाषा बदलायची ताकद नसेल तर आपल्या माणसाला ती शिकवावी लागते.

त्यात पोर्तुगीज आणि प्रोपगंडा यांचं जुनं भांडण. हिंदुस्थानात कोणता पाद्री जाणार हे आपला राजा ठरवणार, हा पोर्तुगालचा हट्ट, आणि रोम मागच्या दाराने आपली माणसं घुसवणार. मुंबईत इंग्रजांनी १७२० मध्ये पोर्तुगीज पाद्रींना काढलं आणि तिथलं काम रोमने पाठवलेल्या कार्मेलाइट पाद्रींना दिलं. त्यानंतर १७७३ मध्ये पोपनेच जेझुइट संघ बरखास्त केला. फादर स्टीफन्स ज्या संघाचे होते तो हाच, इथल्या भाषांत सर्वांत मुरलेला. अनुभवी माणसं गेल्यावर नव्यांना शिकवायला पुस्तक लागतं. मराठीचं व्याकरण त्यानंतर पाचच वर्षांनी आलं. दोन्हींचा संबंध कोणी लिहून ठेवला असेल-नसेल, पण तारखा बघता मला तो उघड दिसतो.

इथे एक स्पष्ट बोललं पाहिजे. हे व्याकरण मराठीच्या प्रेमापोटी छापलेलं नाही. धर्मप्रसारासाठी छापलंय आणि ते लपवलेलंही नाही. मराठी राजभाषा दिनाला बोर्जाचा फोटो लावा असं माझं म्हणणं नाही. पण याच माणसाच्या घरात गेलं की चित्र नुसतं धर्मप्रसाराचंही राहत नाही.

त्याचं वेलेत्रीचं घर म्हणजे एक म्युझियम झालं होतं. इजिप्तच्या मूर्ती, कॉप्टिक हस्तलिखितं, अरबी कोरीवकाम असलेला आकाशाचा गोल, धातूवर कोरलेला जगाचा जुना नकाशा, हिंदुस्थानातल्या देवदेवता, बर्मी, सयामी आणि मलबारी पोथ्या. यांतल्या कित्येक गोष्टी धर्माच्या हिशोबाने मूर्तिपूजेच्या, म्हणजे फोडून टाकायच्या लायकीच्या. याने त्या काचेच्या कपाटात ठेवल्या.

दोन किस्से तर ऐकायलाच पाहिजेत. पहिला १७७८ चाच. इजिप्तमध्ये एका व्यापाऱ्याला चाळीस-पन्नास पपायरसच्या गुंडाळ्या विकायला आल्या. पपायरस म्हणजे तिथल्या लव्हाळ्यापासून केलेला जुन्या काळचा कागद. त्याने एकच घेतली. बाकीच्या, असं सांगतात, जाळून टाकल्या, कारण जळताना छान वास येतो. वाचलेली एक बोर्जाकडे पोचली. देवाधर्माचं त्यात काही नव्हतं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या शेवटी कालव्याच्या बांधावर राबलेल्या मजुरांची ती यादी होती. चक्क रोजगार हमीचं मस्टर! बोर्जाने त्यावर निल्स इव्हर्सन शोव या डॅनिश विद्वानाला कामाला लावलं आणि १७८८ मध्ये ती छापून आली. पपायरसचा अभ्यास हे शास्त्र तिथून सुरू झालं असं मानतात.

दुसरा किस्सा मेक्सिकोचा. स्पॅनिश लोक पोचायच्या आधी तिथल्या लोकांनी हरणाच्या कातड्यावर रंगवलेली एक पंचांगासारखी पोथी इटलीत एका श्रीमंत घरात पडून होती. नोकरांची पोरं तिच्याशी खेळता खेळता तिला आग लावायला निघाली होती, तेव्हा ती बोर्जाच्या हाती लागली, अशी कथा हुम्बोल्ट या प्रवाशाने लिहून ठेवलीय. पानांवर जळल्याच्या खुणा आजही आहेत. जग तिला ‘कोडेक्स बोर्जा’ म्हणूनच ओळखतं.

शोव डॅनिश होता म्हणजे प्रोटेस्टंट. आडलर, म्युंटर हे बोर्जाकडे येऊन काम करणारे अभ्यासकही तसेच. कॅथलिक धर्मप्रसार खात्याच्या सचिवाच्या घरी प्रोटेस्टंट पोरं आरामात पोथ्या चाळत बसलेली. १७८७ च्या फेब्रुवारीत जर्मन कवी गटे नेपल्सला जाताना वेलेत्रीत थांबून हा संग्रह बघून गेला.

३० मार्च १७८९ ला पोप सहाव्या पायसने बोर्जाला कार्डिनल केलं. वय सत्तावन्न. फाइली उपसून, पायरी पायरीने, शेवटी लाल टोपी आली. आणि तीन-साडेतीन महिन्यांत पॅरिसमध्ये बास्तीय पडलं. टायमिंग बघा.

त्याच सुमारास मलबारात तेरा वर्षं काढलेला पाओलिनो हा ऑस्ट्रियाचा कार्मेलाइट साधू युरोपात परतला. बोर्जाने त्याला हाताशी धरलं. १७९० मध्ये पाओलिनोचं संस्कृत व्याकरण ‘सिद्धरूपम्’ याच छापखान्यात छापलं गेलं. युरोपात छापलेलं ते पहिलं संस्कृत व्याकरण. पाओलिनो आणि कलकत्त्याचे इंग्रज विद्वान यांच्यात नंतर बरीच जुंपली, तो वेगळाच विषय आहे. १७९३ मध्ये त्याने बोर्जाच्या घरातल्या हिंदुस्थानी आणि आसपासच्या पोथ्यांची यादीही छापली.

आता या चकचकीत गोष्टीची दुसरी बाजू. भाषा छापली, पोथ्या जपल्या, माणसांचं काय?

बोर्जा सचिव असतानाच, १७७२ साली, गोव्याच्या कांदोळीचा एक सोळा वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर रोमला पोचला आणि प्रोपगंडाच्याच कॉलेजात दाखल झाला. जोझे कुस्तोदिओ फारिया. १७८० मध्ये तिथेच पाद्री झाला. हुशारीत कमी नव्हता, पुढे पॅरिसमध्ये संमोहनाचं शास्त्र मांडून तो ‘आबे फारिया’ म्हणून गाजला. पणजीत त्याचा पुतळा आहे, बाईवर हात रोखून उभा असलेला. पण वेलेत्रीच्या मुलासमोर जो जिना होता, तो कांदोळीच्या मुलासमोर नव्हता. गोव्यात स्थानिक पाद्रींना वरची पदं मिळेनात. तो राग साठत साठत १७८७ मध्ये पिंटो बंडाचा कट झाला, त्यात पाद्रीही होते आणि शिक्षा भयंकर झाल्या. हिंदुस्थानी माणूस कार्डिनल व्हायला १९५३ उजाडलं. मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशियस, घराणं मूळचं गोव्याचं. बोर्जा ज्या खात्याचा सचिव होता त्याच्या दप्तरात हिंदुस्थानी पोथ्या मानाने आल्या, हिंदुस्थानी माणसं मात्र रांगेत थांबली. हे बोर्जा एकट्याचं पाप नाही, पण त्याच्या काळातलं नक्कीच आहे.

इकडे फ्रान्सचं वादळ इटलीत पोचलं. १७९७ मध्ये रोममध्ये परिस्थिती बिघडली तेव्हा पोपने शहर सांभाळायची जबाबदारी बोर्जावर टाकली. त्याने ते वर्ष कसंबसं शांततेत काढलं. फेब्रुवारी १७९८ मध्ये जनरल बेर्तिए फौज घेऊन आत शिरला, रोम प्रजासत्ताक जाहीर झालं आणि म्हाताऱ्या पोपला धरून नेलं. ८ मार्चला बोर्जालाही अटक झाली. मग सुटका आणि हद्दपारी.

छापखान्यावरही हात पडला. कित्येक भाषांचे खिळे दीडशे वर्षं जमवून ठेवलेले, फ्रेंचांनी त्यातला मोठा हिस्सा उचलला. अरबीचे खिळे थेट नेपोलियनच्या जहाजावर चढून इजिप्तला गेले. बायबल आणि प्रार्थना छापायला पाडलेल्या अक्षरांनी कैरोत नेपोलियनची जाहीरपत्रकं छापली. प्रोपगंडाच्या अक्षरांतून अस्सल प्रोपगंडा.

बोर्जा पादुआला जाऊन राहिला. ऑफिस नाही, छापखाना नाही, तरी तिथूनच त्याने मिशनांची पत्रं परत सुरू केली. पोप फ्रान्सच्या कैदेत वारला. नव्या पोपची निवड रोममध्ये करणं शक्य नव्हतं, म्हणून कार्डिनल व्हेनिसला एका बेटावरच्या मठात जमले. साडेतीन महिने घोळ चालला. मार्च १८०० मध्ये सातवा पायस निवडला गेला, आणि खरा मुकुट हाताशी नव्हता म्हणून त्याला कागदाच्या लगद्याचा मुकुट घातला. बोर्जा त्या निवडीत होता.

रोमला परतल्यावर १८०२ मध्ये तो प्रोपगंडाचा प्रमुख झाला. बत्तीस वर्षांपूर्वी ज्या ऑफिसात सचिव म्हणून शिरला, त्याचा मुख्य. पण ऑफिसात आता लुटलेला छापखाना आणि तुटलेले पत्ते.

आणि मग १८०४. नेपोलियनला सम्राट व्हायचं होतं आणि समारंभाला पोप हवा होता. पोप निघाला. सोबतच्या कार्डिनलांमध्ये बोर्जाचं नाव होतं. वय त्र्याहत्तरला टेकलेलं, नोव्हेंबरची थंडी, आल्प्सचा घाट. ज्याच्या फौजेने आपल्याला कोठडीत टाकलं, ज्याने आपली अक्षरं नेली, त्याच्या राज्याभिषेकाला जायचं. तो काय विचार करत असेल, हे मला राहून राहून वाटतं. चर्च टिकवायचं तर जायलाच हवं, असा हिशोब असावा. तो पॅरिसला पोचलाच नाही. ल्याँ शहरात आजारी पडला, पोपचा ताफा पुढे गेला आणि २३ नोव्हेंबर १८०४ ला बोर्जा तिथेच वारला. नऊ दिवसांनी नेपोलियनने मुकुट स्वतःच्याच हाताने डोक्यावर ठेवला.

त्याच्या माघारी संग्रह वाटला गेला. वस्तूंचा मोठा भाग पुतण्या कामिल्लोने १८१४ मध्ये नेपल्सचा राजा म्युरा याला विकला. तो म्युरा नेपोलियनचाच मेहुणा. त्या वस्तू आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. पोथ्या प्रोपगंडाकडे गेल्या आणि तिथून १९०२ मध्ये व्हॅटिकनच्या ग्रंथालयात.

आणि मराठी व्याकरण? बोर्जा गेल्याच्या पुढच्याच वर्षी, १८०५ मध्ये, ते लिस्बनला पुन्हा छापलं गेलं. त्याच १८०५ मध्ये बंगालमध्ये सेरामपूरला विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण आलं, तेही मिशनरीच. त्याच छापखान्यातून पुढे नागपूरच्या रघूजी भोसल्यांची वंशावळही मराठीत छापून निघाली. आणि नाना फडणवीसांनी पुण्यात तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून घ्यायला सुरुवात केली होती, ते काम नानांच्या मृत्यूनंतर मिरजेला गेलं आणि त्यातून गीता छापली गेली. तेही साल १८०५ च.